झोपलेल्याला उठवायचं नाही

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी त्याची पहिली पाळी होती, सकाळी सहा ते दुपारी दोन. शीतगृहाच्या कॉम्प्रेसर खोलीत फोन न्यायला बंदी होती. फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा, कुलूप लावायचं, किल्ली गळ्यात अडकवायची. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि त्या लॉकरमधून कधी वाईट बातमी बाहेर आली नव्हती. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने लॉकर उघडला तेव्हा फोनवर अकरा मिस्ड कॉल होते. पहिले दोन बायकोचे, दहा चाळीसचा आणि दहा त्रेचाळीसचा. त्यानंतर काहीच नाही. मग एक वाजून पाच मिनिटांपासून पुढे नऊ कॉल, सगळे अनोळखी नंबरांवरून. त्याने आधी बायकोलाच फोन लावला. तो एका पुरुषाने उचलला. "मी ट्रॅफिक पोलीस बोलतोय," तो म्हणाला, "तुम्ही या बाईंचे कोण?" "नवरा," त्याने सांगितलं. पलीकडचा माणूस गप्प झाला आणि त्या गप्प होण्यातच सगळं कळलं. पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी त्या माणसाने सांगितलं. त्यांना नियमाने सांगावं लागत असेल. तो ऐकत होता आणि कानात कॉम्प्रेसरची घरघर चालूच होती. पाळी संपली तरी ती तासभर कानातून जात नसे. त्यामुळे 'रस्त्याच्या कडेला' आणि 'स्टिअरिंगवर' एवढेच शब्द त्याला नीट ऐकू आले. बाकीचे त्याने मागाहून जुळवले.

नंतर बऱ्याच दिवसांनी, कामावर परत आल्यावर, त्याने नोंदवही काढून पाहिली. दर तासाला प्रेशर, तापमान, तेलाची पातळी लिहायची असते. त्या दिवशीचा अकराचा रकाना त्याच्याच अक्षरात भरलेला होता. सगळं नॉर्मल. बाराचा नॉर्मल, एकचा नॉर्मल. एके ठिकाणी चहाच्या कपाचा गोल डाग होता. म्हणजे तिने दोनदा फोन केला तेव्हा तो चहा पीत असावा. किंवा नसेलही, डाग जुना असेल. ते पान फाडून टाकावं असं त्याला वाटलं, पण नोंदवहीचं पान फाडता येत नाही, पानांवर क्रमांक छापलेले असतात.

प्रकार असा झाला होता. बायको वीज मंडळाच्या तक्रार केंद्रात फोनवर बसायची. तिलाही पाळ्या होत्या. आदल्या रात्री ती रात्रपाळीला होती. सकाळी सातला घरी आली, चहा घेतला आणि दहाला आईला गाडीत घालून पायाच्या ड्रेसिंगला निघाली. सासूबाईंना साखर होती आणि पायाची जखम चार महिने भरत नव्हती. वाटेत तिने गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. त्याला दोन फोन केले. मग डोकं मागे टेकवलं आणि ते तिथून पुढे कलंडलं. मागच्या सीटवर तिची आई बसलेली होती. ती बसूनच राहिली. दोन तास बावीस मिनिटं. मधे, साधारण साडेअकराला, तोच ट्रॅफिक पोलीस येऊन काचेवर बोटाने टकटक करून गेला होता, कारण तिथे गाडी लावायला मनाई होती. सासूबाईंनी त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि हळूच काच खाली करून सांगितलं, "रात्रपाळी करून आलीय हो. पडू द्या जरा." तो पोलीस भला माणूस होता. हे सगळं त्यानेच मान खाली घालून सांगितलं. "साहेब, मला वाटलं झोपू दे बिचारीला. पावतीसुद्धा फाडली नाही मी. एकला परत आलो तेव्हा..." आणि मग तो आपल्या टोपीकडे बघत राहिला.

सासूबाईंचं चुकलं असं कुणी म्हटलं नाही. तोही म्हणाला नाही, आणि म्हणणार कोणत्या तोंडाने? त्या घराचा नियमच तो होता. झोपलेल्याला उठवायचं नाही. दोघंही पाळीवाले, एक घरात शिरतोय तर दुसरा बाहेर पडतोय. कधी कधी एकाच अंथरुणाची ऊब दोघांना आळीपाळीने मिळायची. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी एकदा गारा पडल्या होत्या. त्याने ओंजळभर गारा आणल्या आणि झोपलेल्या तिला हलवून उठवलं, बघ म्हणून. ती उठून बसली, गारांकडे पाहिलं आणि रडायला लागली. सलग चार रात्रपाळ्या झाल्या होत्या तिच्या. "मला गारा नकोत, मला झोप हवीय," ती म्हणाली. त्या दिवशी दोघांनी नियम केला. घराला आग लागली तरी आधी विझवून बघायची, मग उठवायचं. दाराच्या घंटीची वायर काढून टाकली. भांडी हळू ठेवायची, नळ बारीक सोडायचा, निरोप कागदावर लिहून ठेवायचा. पुढे सासूबाई राहायला आल्या, त्यांनाही पहिल्याच दिवशी तिने समोर बसवून नियम सांगितला. "आई, तू काहीही कर, पण झोपलेल्याला उठवायचं नाही." सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी काय लहान आहे? एकदा सांगितलंस, कळलं." म्हाताऱ्या माणसाला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण असली एखादी गोष्ट बरोबर लक्षात राहते.

मेहुण्याचं म्हणणं पडलं की आईला सांगायचं नाही. तो दूर राहतो, विमानाने आला, चार दिवस राहिला आणि गेला. शेवटचं सगळं उरकलं तेव्हा सासूबाईंना शेजारणीकडे बसवलं होतं, लेकीला दवाखान्यात नेलंय एवढंच सांगून. "भाऊजी, तिला सहन नाही होणार," मेहुणा दाराशी उभा राहून हळू आवाजात म्हणाला. "आणि ती स्वतः तिथेच बसली होती हे तिच्या लक्षात आलं तर... विचार करा तुम्ही. ताईची बदली झाली म्हणून सांगा. लांबच्या केंद्रावर. तसंही तिच्या ध्यानात राहत नाही काही." त्याने विचार केला नाही. मान हलवली. मग मेहुण्यानेच आत जाऊन आईला सांगितलं, ताईची बदली झालीय, घाईत जावं लागलं. सासूबाई पायाचं बँडेज नीट करत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. कुठे, किती दिवस, जेवणाचं काय, काही नाही. नंतरच्या आठ महिन्यांत त्यांनी लेकीचं नावसुद्धा एकदाही काढलं नाही. त्याला हायसं वाटलं होतं. विसरल्या, बरं झालं, देवाची कृपा. आणि कधी कधी, दुपारचा एकटाच अंथरुणावर पडलेला असताना, त्याला त्यांचा रागही यायचा. पोटची पोर, आणि अशी पुसली गेली? पाटीवरून खडू पुसतात तशी?

राग यायला दुसरंही कारण होतं. सासूबाईंनी नियम मोडायला सुरुवात केली होती. तो रात्रपाळी करून आला, जरा डोळा लागला, की दार ढकलून त्या आत येत. भिंतीला धरून, त्या दुखऱ्या पायाने, खोलीभर फरपटत. खांद्याला हात लावून हलवत. "जावईबापू, किती वाजले हो?" तो सांगायचा. तासाभराने पुन्हा, "जावईबापू, नळ चालू राहिलाय का?" नळ बंद असायचा. पुन्हा, "मी गोळी घेतली का?" त्याने गोळ्यांचा वारांचा डबा आणून दिला, तरी चालूच. एकदा तर नुसतंच हलवलं आणि तो ओरडला, "काय आहे?" तर त्या म्हणाल्या, "काही नाही. झोपा, झोपा." तीन दिवस अशी झोपमोड झाली आणि चौथ्या दिवशी कामावर त्याच्या हातून एक व्हॉल्व्ह उलटा फिरला. अमोनियाचा वास खोलीभर पसरला, भोंगा धावत आला म्हणून निभावलं. भोंगा म्हणजे त्याच्यानंतरच्या पाळीचा कामगार. कॉम्प्रेसरशेजारी वीस वर्षं काढून त्याचा कान गेलेला, त्यामुळे तो कानगोष्टसुद्धा दोन खोल्या पलीकडे ऐकू जाईल अशी सांगायचा. "मरायचं असेल तर घरी मर," भोंगा ओरडला. "इथे मेलास तर मला तुझीपण पाळी करावी लागेल." मग त्याचा चेहरा बघून जीभ चावली आणि म्हणाला, "झोपत नाहीस का?" त्याने सांगितलं. भोंगा म्हणाला, "आतून कडी लाव ना मग. सासू सांभाळतोस हेच खूप झालं. जगात सासवा जावयाला सांभाळतात, तेही शिव्या घालून." त्याने त्याच आठवड्यात आतून कडी बसवली. स्वतःच स्क्रू पिळले. पहिल्या दिवशी दार लागलेलं बघून सासूबाई बाहेर उभ्या राहिल्या. त्याला ते जाणवत होतं. दाराखालच्या फटीत त्यांच्या पायांची सावली होती, एक पाय जाड, बँडेजचा. त्या हाक मारत नव्हत्या. सावली बराच वेळ हलली नाही. मग हळूहळू गेली. आता झोप लागेल असं वाटलं, पण लागली नाही. पुढेही तीच तऱ्हा. कडी लावून तो पडायचा आणि कधीतरी डोळा लागेपर्यंत फटीकडे बघत राहायचा.

गाडी मात्र त्याने ठेवली होती. विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. पण आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग, महिन्यातून एकदा डोळे, त्यात सासूबाईंना रिक्षात चढता येत नाही. ते खरं होतं. पण ते एकच कारण नव्हतं. गाडी सोळा वर्षांची, दुसऱ्याकडून घेतलेली. बायको म्हणायची, "आमच्या घरात दोन म्हाताऱ्या. एकीचा गुडघा अडतो, दुसरी चढावर अडते." चालवायची तीच. तो क्वचित. ड्रायव्हरची सीट तिच्या मापाची पुढे ओढलेली होती आणि त्याने ती अजून मागे सरकवली नव्हती. गाडीत बसलं की त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत, पोट दाबलं जाई. सीटखाली लिव्हर होता, एका बोटाचं काम. पण तिथे हात जात नसे. आरसाही तिच्या उंचीचा. त्यात त्याला मागचा रस्ता दिसायचा नाही, मागच्या सीटवरच्या सासूबाई दिसायच्या. त्यांचे डोळे, वर चष्मा, आणि मांडीवर धरलेली पिशवी. रस्ता बघायला त्याला मान वाकडी करावी लागायची. लोक मागून हॉर्न मारायचे. असं तो आठ महिने गाडी चालवत होता.

गाडीची तक्रार त्या दिवसाच्या आधीपासून होती. तीन आठवडे ती सांगत होती, सिग्नलला थांबलं की बंद पडते, तापली की लवकर चालू होत नाही, एकदा दाखवून आण. तो म्हणायचा, बघतो. त्याची सुट्टी मंगळवारी आणि गॅरेजही मंगळवारीच बंद. तिची सुट्टी दर आठवड्याला फिरती. गॅरेजवाला त्यांचा नेहमीचा, तोंडात कायम एखादा स्क्रू धरून बोलणारा. "मंगळवार सोडून कधीही आणा," तो फोनवर म्हणायचा, आणि यांच्याकडे मंगळवार सोडला तर काहीच नसायचं. तीन मंगळवार तसेच गेले. चौथ्या गुरुवारी ती गेली. नंतर गॅरेजवाल्यानेच गाडी रस्त्यावरून ओढून नेली, आठ दिवसांनी आणून दिली. चावी देताना त्याने तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला. "साहेब, गाडी मी उघडून बघितलीय. त्या दिवशी काय झालं होतं ते मला कळतं. गाडी आधी बंद पडली होती की..." याने हात वर करून त्याला थांबवलं आणि म्हटलं, "चावी द्या." गॅरेजवाल्याने चावी दिली. "बरं. विचाराल तेव्हा सांगेन."

तेव्हापासून हा प्रश्न त्याच्याबरोबर कामावर जायचा आणि घरी यायचा. गाडी बंद पडली म्हणून तिने ती कडेला घेतली, की तिला बरं वाटेना म्हणून चालती गाडी तिने कडेला घेतली आणि हाताने बंद केली? पहिलं खरं असेल तर बंद गाडीत, उन्हात, ती त्याला फोन लावत बसली आणि तीन मंगळवारांचा हिशेब त्याच्या माथी येतो. दुसरं खरं असेल तर निदान ते तरी नाही. अर्धा मिनिट लागलं असतं विचारायला. गॅरेजवरून तो आठवड्यातून दोनदा जायचा. गॅरेजवाला हात वर करायचा, हा हात वर करायचा. आणि तसाच दुसरा प्रश्न दवाखान्यात होता. वेळेवर आणलं असतं तर? त्या दिवशी तिला तपासणारा डॉक्टर अजून तिथेच होता. ड्रेसिंगची खोली ज्या व्हरांड्यात, त्याच व्हरांड्याच्या टोकाला त्याचं दार. दारावर पाटी. सासूबाईंना ड्रेसिंगला आत सोडून तो बाकावर बसायचा आणि त्या पाटीकडे बघायचा. डॉक्टर एकदोनदा समोरून गेला, ओळख दाखवल्यासारखा थबकलाही. याने चटकन फोन काढून कानाला लावला. फोन बंद होता.

आज गुरुवार. रात्रपाळी संपवून तो सातला घरी आला. चहा केला, सासूबाईंना ब्रेड आणि उकडलेलं अंडं दिलं, गोळ्या दिल्या. अंघोळ करून पडलाच नाही, कारण पडलं की उठवणार, नाहीतर कडी लावून सावली बघत बसायचं. दहाला त्यांना खाली आणलं. त्यांना गाडीत बसवायची एक रीत होती. आधी पाठ टेकवायची, मग दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचा, मग पिशवी मांडीवर. ही रीत बायकोची. त्याने ती बघून बघून उचलली होती. "हळू," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "हळूच करतोय, आई." "तुम्हाला नाही, मी पायाला सांगतेय," त्या म्हणाल्या. त्याला हसू आलं आणि तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. रात्रभर जागून तो तसाच निघाला होता.

दुसऱ्या सिग्नलपुढे गाडीने दोन आचके दिले. ते आचके त्याला गुडघ्यात जाणवले, कारण गुडघे स्टिअरिंगलाच टेकलेले. मग आवाज गेला. इंजिनाचा आवाज गेल्यावर गाडी काही वेळ नुसती आपल्या वजनाने पुढे सरकत राहते. त्या शांततेत त्याने ती कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. ओढताना त्याला वाटलं, हे मी करत नाहीये. हे आधी झालेलं आहे, मी फक्त त्यात बसलोय. बाहेर एक औषधांचं दुकान, एक चपलांचं, फुटपाथवर कुणीतरी कापडाने सायकल पुसतंय. तीच जागा नव्हती, ती जागा अजून दोन चौक पुढे होती. पण रस्ता तोच. ऊन तसंच काचेतून मांडीवर पडलेलं. सेल्फ मारला, गाडी नुसती घरघरली. पुन्हा मारला. "राहू द्या," सासूबाई मागून म्हणाल्या, "ती आता ऐकायची नाही. तिला गार होऊ द्या." त्याने गॅरेजवाल्याला फोन लावला. "अर्धा तास," गॅरेजवाला म्हणाला. "साहेब, बॉनेट उघडू नका, हात भाजाल." त्याने दवाखान्यात फोन करून उशीर होईल असं सांगितलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. फोन दहा एक्केचाळीस दाखवत होता. त्याने तो उलटा करून शेजारच्या सीटवर ठेवला.

डोकं मागे टेकलं. तिच्या मानेसाठी बांधलेली छोटी उशी त्याच्या पाठीच्या वर कुठेतरी टोचत होती. ती इथे अशी बसली असेल. तिने कुणाला फोन लावला, तो कुठे होता, तो चहा पीत होता. ती सदानकदा लोकांच्या तक्रारी ऐकायची, झोपेतसुद्धा म्हणायची, "नंबर लिहून घ्या, दोन तासांत माणूस येईल." आणि तिचा माणूस दोन तासांत आला नाही. सासूबाईंना मागून काय दिसलं असेल? स्टिअरिंगवर टेकलेलं डोकं. झोपलेल्याचं डोकं आणि तसलं डोकं मागून सारखंच दिसत असेल. घाम आला होता. कानातली घरघर हळूहळू मोठी होत गेली, मग ती गाडीची वाटायला लागली, गाडी चालू आहे, ती चालवतेय, मी मागे बसलोय, तिचा बुचडा समोर दिसतोय, हिला सांगायला हवं गाडी दाखवून आण, नको, झोपलीय ती, गाडी चालवता चालवता झोपलीय, उठवायचं नाही.

खांद्याला हात लागला. हलवलं. जोराने हलवलं. तो दचकला, गुडघा स्टिअरिंगवर आपटला.

"जावईबापू! किती वाजले हो?"

डोक्यात तिडीक गेली. "आई!" तो ओरडला. "तुमच्या हातात घड्याळ आहे! सारखं काय उठवता? जरा डोळा लागू देत नाही तुम्ही मला, आठ महिने झाले, माझा जीव जाईल एक दिवस!"

बोलून झाल्यावर त्याने आरशात पाहिलं. आरशात त्या होत्याच. त्या पुढे वाकल्या होत्या, दुखरा पाय सीटवरून खाली आलेला, हात अजून त्याच्या खांद्याच्या दिशेने. दुसऱ्या हाताच्या मनगटावर घड्याळ. जुनं, किल्लीचं. रोज सकाळी त्या आठवणीने त्याला किल्ली देत. हे तो रोज बघत होता आणि त्याला कधी काही सुचलं नव्हतं.

"दहा चोपन्न," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलंसुद्धा नाही. "दहा मिनिटं झाली म्हणून उठवलं. मग म्हटलं, दहासुद्धा जास्त होतात."

त्याने शेजारच्या सीटवरचा फोन सुलटा केला. दहा चोपन्न.

"घरी तुम्ही कडी लावता," त्या म्हणाल्या. "मग मला बाहेरून घोरणं ऐकावं लागतं. तुम्ही घोरता ते बरंय. ती घोरत नव्हती."

फुटपाथवर सायकल पुसणारा माणूस कापड झटकत होता. त्याला ते झटकणं दिसत होतं, आवाज येत नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"सांगायला कशाला हवं? मी तिथेच होते ना." त्यांनी पिशवी मांडीवर नीट केली. "बदली झाली म्हणे. फोनवर बसणाऱ्या बाईची बदली कुठे करतात हो, चंद्रावर? माझा मुलगा लहानपणापासून असाच. खोटं बोलताना बूट घालून दारात उभा राहतो. मी म्हटलं, तुम्हा दोघांना सांगवत नाही तर नका सांगू. तेवढं तरी तुमच्यासाठी करू."

त्याने मागे वळायचा प्रयत्न केला. सीट इतकी पुढे होती की त्याला वळता येईना. तो आरशाशीच बोलला. "आई, तुमचा काही दोष—"

"ते राहू द्या. मला एकच सांगा." आरशातले डोळे हलले नाहीत. "डॉक्टर काय म्हणाले? मी उठवलं असतं तर?"

उत्तर तयार होतं. कुणाही शहाण्या माणसाने दिलं असतं. 'काही उपयोग नव्हता, आई, क्षणात गेली ती.' शब्द तोंडापर्यंत आले. एवढं बोललं की म्हातारी सुटली असती, उरलेली वर्षं तरी जरा बरी गेली असती. आणि त्याला दिसलं की हे खरं आहे का खोटं, हे त्याचं त्यालाच माहीत नाही. आठ महिने तो त्या पाटीसमोर बाकावर बसून होता.

"काही फरक पडला नसता," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत?"

त्याने स्टिअरिंगकडे पाहिलं. तिच्या हातांनी गुळगुळीत झालेली जागा होती, दोन्ही बाजूंना.

"नाही."

"मग कसं सांगता?" त्यांचा आवाज चढला नाही. "विचारा. आणि जे असेल ते सांगा. वाईट असलं तरी. खोटं पोटात घालून मला झोप लागत नाही. एरवीही लागत नाही म्हणा. पाळीवाल्यांच्या घरात मी एकटीच अशी, पाळी नाही आणि झोपही नाही."

तो हसला की रडला ते त्याला कळलं नाही. नाक मात्र वाहत होतं. त्यांनी पिशवीतून रुमाल काढून पुढे केला. रुमालाला मलमाचा वास होता.

गॅरेजवाला स्कूटरवरून आला, तोंडात स्क्रू. त्याने बॉनेट उघडलं, थोडा वेळ वाकून राहिला, मग हाताने खूण केली, सेल्फ मारा. गाडी चालू झाली. तो उतरून बॉनेटपाशी गेला. आत सगळं थरथरत होतं. गॅरेजवाल्याने तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला, हात पुसले आणि याच्याकडे बघत उभा राहिला. घाई केली नाही. मागच्या सीटवरून सासूबाईंनी काच खाली केलेली होती.

"बोला साहेब," गॅरेजवाला म्हणाला.

"ड्रेसिंगला उशीर होतोय," तो म्हणाला. "आलो की येतो तुमच्याकडे."

"मंगळवार सोडून," गॅरेजवाला म्हणाला.

गाडीत बसण्यापूर्वी त्याने सीटखाली हात घातला. लिव्हर कडक झाला होता. दोनदा ओढल्यावर सीट खडखडत मागे गेली. पाय सुटे झाले. आरसा त्याने तसाच ठेवला.

दवाखान्यात ड्रेसिंग झालं. जखम जरा लाल दिसतेय, म्हणजे भरतेय, असं नर्स म्हणाली. व्हरांड्याच्या टोकाचं दार बंद होतं; नर्सच म्हणाली, साहेब आज ऑपरेशनमध्ये आहेत, उद्या भेटतील. तो थोडा वेळ दारासमोर उभा राहिला. सासूबाई भिंतीला धरून बाकापाशी थांबल्या होत्या.

दुपारी घरी आल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर आणला आणि आतली कडी काढली. मग पडला. किती वेळ गेला कोण जाणे, दार ढकललं गेलं, फरपटत पावलं आली, खांद्याला हात लागला.

"जावईबापू, किती वाजले हो?"

"पावणेचार, आई," तो डोळे न उघडता म्हणाला.

"बरं. झोपा."

याला आता तीन आठवडे झाले. दर वेळी दार ढकलून त्या आत येतात, तो वेळ सांगतो आणि त्या जातात. जाताना दारात जरा थांबतात, पण दुसरं काही विचारत नाहीत. डॉक्टरांना विचारायचं अजून राहिलं आहे. गॅरेजवाल्यालाही.